नायट्रेट पाच

सियागंजातल्या मुर्तजाभाईंनी
मिठाची बादली हातात देताना सांगितलं होतं,
भिया, समंदर बनाना आसान है,
बस उसको भूखा मत रखना.
मी हसलो.
दिवसभर मी लोकांची साखर मोजतो
रामबागेतल्या पॅथॉलॉजीत,
उपाशीपोटी एकदा, जेवल्यावर दोन तासांनी एकदा.
भूक मला कोण शिकवणार.

नळाला नर्मदा एक दिवसाआड येते.
तिला आरओतून काढलं,
अंगावरचं सगळं उतरवून घेतलं,
काठांची माती, जालूदपासूनचा चढ, पाइपांचा गंज.
मग लिटरमागे पस्तीस ग्रॅम
मोजून घातले, रात्रभर ढवळत ठेवलं.
तशी ती जायचीच होती खंबातच्या आखाताला.
मी फक्त वाट तोडली.

पहिला महिना नुसते खडक.
अमोनिया चढला, उतरला.
नायट्राइट चढलं, उतरलं.
वाळूवर तपकिरी थर आला, कुणी कात सांडल्यासारखा,
आणि एक दिवस आपणच गेला.
सुनेत्रा विचारायची, मासे कुठेयत?
येतील. आधी पाणी पिकू दे.
आंबे आहेत का ते, म्हणायची
आणि पोळ्यांकडे वळायची.

मग दोन क्लाउनमासे आले
आणि झेनियाचा एक फुटवा,
मुर्तजाभाईंच्याच टाकीत वाढलेला.
बोटाएवढा. पण त्याच्या टोकांना
इवले इवले पंजे, उघडायचे मिटायचे,
उघडायचे मिटायचे,
कुणी काही मागत नसताना.

इथे सकाळी कचरागाडी यायच्या आत
ओलं सुकं वेगळं करून लोक दारात उभे असतात.
मी त्यातलाच. टाकीही तशीच ठेवली.
स्किमर दिवसरात्र फेस काढायचा,
फॉस्फेट ओढणारे दाणे घातले, दर रविवारी पाणी बदललं,
माशांना एकेक दाणा, तोही संपेपर्यंत पाहारा.
चौथ्या आठवड्यात नळीतलं पाणी
थेंब टाकूनही काचेसारखं राहिलं.
नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य.
वहीत लिहून खाली रेघ मारली, दोनदा.

झेनिया मिटला तो उघडेना.
रंग गेला त्याचा, धुऊन धुऊन जातो तसा.
वाळूवर शेंबडासारखे तपकिरी दोरे आले,
टोकाला बुडबुडे घेऊन.
पुसले. दुपारपर्यंत परत.
इतक्या स्वच्छ पाण्यात हे काय खातात, मला कळेना.
अजून एकदा पाणी बदललं.

मग देवासला जावं लागलं, आतेभावाकडे, तीन दिवस.
किल्ली वरच्या शार्विलकडे. वय वर्षं नऊ.
म्हटलं, रोज एक चिमूट. एकच.
चिमूट कुणाची, ते सांगायचं राहिलं.

परत आलो तर डबी निम्मी.
त्याला विचारलं.
ते तोंड उघडत होते काका, म्हणाला,
आणि इंदूरचे मासे आहेत, भूक लागणारच.
मी काही बोललो नाही. जोडे न काढताच
नळी भरली, थेंब टाकले,
तीस सेकंद हलवलं.
गुलाबी.
फिकट, पण गुलाबी. कार्डाला लावून पाहिलं: पाच.
ओरडायला म्हणून वळलो
तेव्हा सुनेत्रा काचेला नाक लावून उभी होती.
हे बघ, म्हणाली.
एक पंजा उघडा होता.
मिटला.
उघडला.
पिकलं वाटतं पाणी, ती म्हणाली.

दोरे अजून आहेत वाळूवर, पण विरळ.
फॉस्फेट उद्या बघीन.
रात्रीचे दहा. सराफ्यात आता कुठे
कढया तापल्या असतील.
शार्विलला झोपेतून उठवू नये, कळतं,
पण तो जागाच होता.
त्याला खाली बोलावलं, डबी पुढे केली,
म्हटलं, दाखव, कशी घेतलीस.
चिमूट नव्हतीच ती. मूठ होती.
लॅबमधून आणलेल्या जुन्या काट्यावर ठेवून मोजली.
एकदा दोन ग्रॅम भरली,
एकदा सव्वा.